चौथा पोर्ट

५ ऑगस्ट, चिंचपोकळी
फणसवाडीतून सामान हललं एकदाचं! जिथे सोलरचं काम, त्याच चाळीत कंपनीने खोली दिली. अपेक्षा नुसती खूश. लग्नाला वर्ष झालं तरी आमचं असं दार नव्हतं. गच्चीवर सोलरचा कन्व्हर्टर मीच बसवला. कपाटाएवढी पेटी, वायरी जोडायला चार पोर्ट: पॅनल, बॅटरी, चाळीतल्या खोल्या, आणि चौथा रिकामा, पुढेमागे लागेल म्हणून. बटण दाबणार तर कोंडीरामकाका आडवे आले. जुने गिरणीकामगार, मालवणचे. गाऱ्हाणं घातल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणाले. नारळ ठेवून त्यांनी देवाला सांगितलं, "ह्या यंत्राक काय उणा पडात, ता आमच्याकडसून भरून घे रे म्हाराजा!" सगळी चाळ ओरडली, "व्हय म्हाराजा!" आम्ही दोघंही ओरडलो. धमाल आली.

९ ऑगस्ट
दिवसभर मळभ. बॅटरी संपली, तरी खोल्याखोल्यांत पंखे, फ्रिज, टीव्ही चालू. मीटर म्हणतो, वीज चौथ्या पोर्टातून येतेय. अरे, त्याला वायरच नाही! सेन्सर गंडला असणार. डोक्याला ताप नुसता.
संध्याकाळी कोंडीरामकाका जिन्यात मेलेले सापडले. दोन्ही हात खांद्यापर्यंत कोळसा. जवळपास कुठे वायर नव्हती.

१० ऑगस्ट
चौथ्या पोर्टातून केबल फुटलीय. मी लावलेली नाही, देवाशप्पथ. गरम आहे, ठोके पडतात तिच्यात. शेजारच्या शांतामावशींच्या खोलीत गेलीय— त्यांच्या तोंडातून आत. मेन पाडला, फ्यूज उपटले. बंदच होत नाही!
चाळभर ओरडत फिरलो, सगळं बंद करा, वीज कमी पडली की पेटी माणूस घेते. समोरचा दौलत हसला, मॅच संपू दे म्हणाला. मॅच संपली नव्हती. त्याचं डोकं फुटून भिंतभर झालं. टीव्ही चालूच.

११ ऑगस्ट
सगळे पळाले. फाटकापर्यंत कोणी पोचलं नाही. केबलने पायांना धरून मागे ओढले— जिना लाल आहे. आता आम्ही दोघंच.
एकही दिवा चालू नाही. तरी उणं पडतंय. पेटीला स्वतःला चालायलाच वीज लागते. शिकलोय ना मी हे!

संध्याकाळ
केबल दाराखालून आली. अपेक्षाच्या पोटरीत घुसली. ओढली, निघत नाही. मला घे म्हणून छाती बडवली— घेत नाही मेली. शेजारून कोयता आणून केबलवर घातला. रक्त उडालं. किंचाळली अपेक्षा. तिचंच रक्त ते.

अर्धी तुटलीय. ठेवली तर अपेक्षाला पिऊन टाकेल. तोडली तर—

लिहीत बसलोय, कारण कोयता उचलवत नाही. अपेक्षा म्हणते, तोड रे. नाही गं. नाही तोडणार. तिचा हात कोयत्याकडे— अगं नको, ठेव तो, अपेक्षा, ठे