माझ्या पसंतीची निवडक गाणी

३ फेब्रुवारी, सकाळ

डॉक्टर म्हणाला, आजी, तुमचं बीपी रागाने चढतं. मनात येईल ते लोकांना ऐकवण्यापेक्षा कागदावर लिहीत जा. म्हटलं, मी चौथी नापास. म्हणाला, राग लिहायला कुठे चौथी लागते? एवढं सांगायची वर फी घेतली.

तर निश्चय: आजपासून कुणाला टाकून बोलायचं नाही. जे काय असेल ते इथे.

दुपार

निश्चय चहापर्यंत टिकला. सूनबाईला चहा पांचट झाल्याचं सांगावं लागलं. पण याला टाकून बोलणं म्हणत नाहीत, याला माहिती म्हणतात.

४ फेब्रुवारी

चिरंजीव नाचत घरी आले. पन्नाशी उलटली तरी नाचतात. म्हणे कंपनी त्यांच्या बँडची जुनी गाणी एकत्र करून काढतेय. निवडक. लोकांना आवडलेली तेवढीच.

म्हटलं, मग फार मोठी होणार नाही.

बँडचं नाव ‘तिरके चौकोन’. कुणी ठेवलं विचारू नये, कारण चौघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. चिरंजीव गातात म्हणजे बोलतात, पण सुरात बोलल्याचा आव आणून. लंबू गिटार वाजवतो. गंभीर पेटीसारखं इलेक्ट्रिकचं काहीतरी दाबतो आणि जन्मात हसलेला नाही. ड्रमवाला धडधड्या. त्याचं डोकं आणि ड्रम यांत ड्रम जास्त भरलेला.

प्रॅक्टिस आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत. वर गिऱ्हाइकांचे कपडे लटकलेले, खाली हे चार. स्टेजवर घालायचे ते रंगीबेरंगी कोटसुद्धा आमचेच, म्हणजे गिऱ्हाईक न्यायला विसरलेले. पेपरात छापून आलं होतं, काय ही यांची कलादृष्टी! कलादृष्टी कसली? एक बाहीने लांब, एक पोटात घट्ट. मापाचा एक नव्हता.

आणि गाणी कशावर? खुर्चीला ताप आला. फ्रिजमध्ये एकटा लिंबू. माणसांना प्रेमाबिमावर सुचतं, यांना लिंबावर. लोक म्हणायचे, काय विनोद, काय बुद्धी! लोकांना काय, फुकट असेल तर भिंतीलाही टाळ्या वाजवतील.

निश्चय: या निवडक प्रकरणात नाक खुपसायचं नाही.

५ फेब्रुवारी

खुपसलं. नाइलाज होता. गाणी निवडायला बसायचं आणि मी नाही, हे कसं चालेल? चिरंजीव स्वतःच म्हणाले, आई, तू लागशीलच.

लागणारच. त्या काळी एक गाणं माझ्या कानाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नव्हतं. चौघे ओळीने उभे राहायचे. वाजवायचे. मग माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी इस्त्री फिरवता फिरवता निकाल द्यायची. मी म्हणायची, हे गाणं आहे की मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय? चौघांचे चेहरे असे खुलायचे! पळत जाऊन रेकॉर्ड करायचे. चूक दाखवणारं माणूस मिळालं की शहाण्याला आनंदच होतो.

क्वचित एखादं आवडायचंही. चंद्रावर एक होतं, साधं, गोड. मी म्हटलं, हे छान जमलंय रे. ते पुढे कुठे ऐकू आलं नाही. खास प्रसंगासाठी राखून ठेवलं असेल.

९ फेब्रुवारी

पहिली बैठक. मागची खोली, माझी खुर्ची. चौघांना आता वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावल्यावर एकमेकांचं पोट दिसतं म्हणून काढून ठेवतात.

खुर्चीचं गाणं लावलं. मी म्हटलं, दाढदुखीत याच्यापेक्षा चाल बरी असते. गंभीरने लगेच खूण केली. घेतलं. लिंबाचं लावलं. म्हटलं, नासलंय. घेतलं. चंद्राचं लावलं. मी म्हटलं, वा. गंभीरने त्याच्यावर आडवी रेघ मारली. महत्त्वाच्या गोष्टीखाली रेघ मारतात, हे चौथीपर्यंत आम्हालाही शिकवलं होतं. याची जरा वर गेली, एवढंच.

लंबू म्हणाला, काकू, तुमचा कान अजून तसाच आहे. म्हटलं, असणारच. तुझ्यासारखा भोंग्याजवळ उभं राहून बधिर नाही करून घेतला.

१२ फेब्रुवारी

सगळं ठरलं, एक जागा उरली आहे. दोन गाणी आहेत, ‘पावती’ आणि ‘लिफ्ट बंद आहे’. कंपनी म्हणते दोन्ही लांब आहेत, एकच मावेल.

मला कोणतंही चालेल. फक्त नोंद म्हणून लिहिते: ‘पावती’च्या सुरुवातीला माझा आवाज आहे. एक गिऱ्हाईक पावती हरवून आलं होतं आणि काउंटरवर गळा काढत होतं. मी म्हटलं, पावती नाही तर कपडे नाहीत, आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, इथे इस्त्री केलेलं ओलं होतं. मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं मशीन चालू होतं, त्यात ते भरलं गेलं. चिरंजीवांनी पुढे गाणं जोडलं. ऐकलं तर कळतं, माझं बोलणं संपलं की गाण्यातला जीव संपतो.

‘लिफ्ट’मध्ये काय आहे? विहीणबाईंच्या टाळ्या. तेव्हा त्या विहीणबाई नव्हत्या, मुलगा बघायला आल्या होत्या. बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या, त्या घेतल्या यांनी. हात सगळ्यांनाच असतात. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हेच.

मी कुणाला काही बोललेले नाही. फक्त शिंपी, दूधवाला, बँकेतली काउंटरवाली आणि डॉक्टर, एवढ्यांनाच सांगितलं की माझा आवाज परत येतोय.

१५ फेब्रुवारी

विहीणबाई येऊन गेल्या. केस नुकतेच रंगवलेले, कानही थोडा रंगलेला. म्हणाल्या, विहीणबाई, ऐकलं का, माझ्या टाळ्या बहुतेक घेतायत. म्हटलं, घेतील की, दया म्हणून लोक भंगारही घेतात. त्या म्हणाल्या, तुमचं आपलं बोलणं आहे ना, ते काय, कुणालाही येतं. टाळीला ताल लागतो.

मी एक शब्द बोलले नाही. निश्चय म्हणजे निश्चय. त्या गेल्यावर त्यांचा कप दोनदा घासला.

१८ फेब्रुवारी

दुसरी बैठक. आज मन मोकळं केलं. ‘पावती’ लावलं आणि मी म्हटलं, अप्रतिम! असं गाणं तुम्ही ना आधी केलं ना नंतर. सुरुवात तर काय, ठसका आहे ठसका. चौघांचे चेहरे पडले. माझ्या तोंडून कौतुक ऐकायची सवय नाही पोरांना, भारावले. गंभीरने विचारलं, काकू, खरंच आवडलं? म्हटलं, फार. त्याने पुन्हा विचारलं. लंबूला ठसका लागला.

मग ‘लिफ्ट’. म्हटलं, दगडावर ओली चादर आपटतंय कुणीतरी, आणि तेही चुकीच्या वेळी. लंबूचा ठसका थांबला. धडधड्या तर मांडी थोपटून हसला.

काम फत्ते. उद्या शिंप्याला सांगायचं.

१९ फेब्रुवारी, दुपार

धडधड्या कोट इस्त्रीला घेऊन आला. मी त्याला बिस्किटं दिली, तिथेच चुकलं. तोंडात काही गेलं की त्याच्या तोंडातून काही ना काही बाहेर पडतं.

म्हणाला, काकू, राग मानू नका, पण ‘पावती’ची तुम्ही वाट लावलीत. विचारलं, ती कशी? म्हणाला, अहो, आमचा नियमच होता! काकूंना आवडलं की ते गाणं टाकायचं. काकू म्हणाल्या भिकार, की समजायचं चालणार. एकदाही चुकलो नाही. तुमच्यासारखा उलटा काटा दुसऱ्या कुठल्या बँडकडे नव्हता!

आणि वर म्हणाला, चिरंजीवांना सांगू नका, मी बोललो म्हणून.

संध्याकाळ

खोटं आहे. धडधड्या लहानपणीही खोटारडा होता.

पण चंद्राचं गाणं?

२० फेब्रुवारी

विचार केला. समजा खरं असलं, तरी त्यात अपमान नाही. उलटा असला तरी काटा माझाच. बँड चालला तो कुणामुळे? माझ्या नापसंतीमुळे. चार जणांचं पोट माझ्या शिव्यांवर भरलं. हे त्यांना कळत नाही, म्हणून ते अजून भाड्याच्या घरात राहतात.

आता काट्याला काट्याने काढायचं. तिसऱ्या बैठकीला ‘पावती’ची अशी साल काढते की ती पहिल्या नंबरवर जाईल. आणि ‘लिफ्ट’वर कौतुकाचा असा पूर आणते की विहीणबाई वाहून जातील.

सराव सुरू केला. शिव्या आपोआप येतात. विहीणबाईंचं कौतुक करताना जीभ अडखळते. आरशासमोर बसून ‘काय त्या टाळ्या’ म्हणून पाहिलं. तोंड वाकडं होतंय. अजून करायला हवं.

२३ फेब्रुवारी

तिसरी बैठक. मी रंगात होते. ‘पावती’ अर्धं झालं तोच हात वर करून म्हटलं, बंद करा! मागच्या वेळी तुमचं मन राखायला खोटं बोलले. खरं सांगू? लाज वाटते. ती सुरुवातीची बाई कोण कर्कश? कावळ्याच्या घशात काटा अडकलाय. ते कुणी ऐकलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

लंबूने पटकन गाणं बंद केलं. बरोबर वर्मी बसलं.

मग ‘लिफ्ट’. म्हटलं, काय त्या टाळ्या! काय तो ताल! डोळ्यांना पदर लावला. डोळे कोरडे होते, पण पदर पुरे होतो.

चिरंजीव उठून आले आणि माझा हात हातात घेतला. आनंद झाला की बोलता येत नाही माणसाला. गंभीरसुद्धा खाली बघत होता. धडधड्याच तेवढा माझ्याकडे डोळे फाडून बघत होता. अडाण्याला खेळी कळत नाही.

२५ फेब्रुवारी

चिरंजीव माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, आई, एक सांगायचंय, रागावू नकोस. आणि तो उलट्या काट्याचा नियम स्वतःच सांगून टाकला. मी अगं बाई म्हणाले. इतकं बेमालूम म्हटलं की मला नाटकात घ्यायला हवं होतं.

मग म्हणाले, दुसऱ्या बैठकीत ‘पावती’ ऐकून तू एवढी खूश झालीस ना, तेव्हा आम्हालाच वाईट वाटलं. इतकी वर्षं तुझ्या शब्दाची टिंगल केली. लंबू म्हणाला, यावेळी तरी काकू म्हणतील ते सरळ मानायचं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी रात्री ‘पावती’ नक्की केलं होतं. कंपनीला कळवलंही होतं.

मी विचारलं, मग तिसरी बैठक कशाला?

म्हणाले, तुला एकदा ऐकवायला. सरप्राइज द्यायचं होतं. पण बरं झालं तू खरं बोललीस. आम्ही न विचारता तुझा आवाज वापरला, एवढी वर्षं तुला लाज वाटत राहिली, आणि तू चकार शब्द काढला नाहीस. काढून टाकलं ते गाणं, आई. आता कुठेच राहणार नाही. तुझ्या मनासारखंच ‘लिफ्ट’ घेतलं.

हात दाखवून अवलक्षण. मी चकार शब्द काढला नाही. काढणार काय?

१ मार्च

मार्ग सापडला. सहज बोलता बोलता चिरंजीवांना म्हटलं, तसं ‘पावती’ इतकं काही वाईट नव्हतं रे. ते म्हणाले, आई, आता माझी समजूत काढू नकोस. तुझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलंय मी.

कोरडे होते ते! पण आता हे कुणाला सांगू?

४ मार्च

गंभीरला फोन केला. म्हटलं, तो आवाज राहू दे, माझी हरकत नाही. म्हणाला, काकू, तुमचं मन फार मोठं आहे. आणि हुंदका दिला. जन्मात न हसलेला माणूस माझ्यासाठी रडला, आणि तोही चुकीच्या कारणाने.

२२ मार्च

आलं. नाव काय ठेवलंय: ‘यापेक्षा चांगलं जमलं नाही’. स्वतःच्या मालाला स्वतःच नावं ठेवून विकतात. म्हणे विनोद. कव्हरवर हँगरला लटकलेले चार कोट, आत माणसं नाहीत. फोटोत सगळ्यात बरं तेच.

पहिलंच गाणं ‘लिफ्ट’. कंपनीला टाळ्या फार आवडल्या. विहीणबाईंनी सगळ्या बिल्डिंगला फोन वर धरून ऐकवलं. लिफ्टमध्ये ऐकवलं. लिफ्ट चालू होती.

शिंप्याने विचारलं, आजी, तुमचा आवाज कुठेय? म्हटलं, मीच काढायला लावला. प्रसिद्धीचा मला तिटकारा आहे. बँकेतली काउंटरवाली म्हणाली, असं कसं, तुम्ही तर पेढे वाटणार होतात. डॉक्टरने बीपी मोजलं, मशीनवर संशय आला म्हणून दुसऱ्या मशीनने मोजलं. म्हणाला, लिहिताय ना? म्हटलं, लिहितेय. म्हणाला, मग थांबवा.

२९ मार्च, दुपार

घरात कुणी नाही. दार लावून ‘लिफ्ट’ ऐकलं, किती वाईट आहे ते नीट ठरवायला. विहीणबाई वाजवतात ते काही विशेष नाही. कुणीही वाजवेल. म्हणून वाजवून पाहिलं. मध्येच एक टाळी उशिरा पडते, मग मी पुढे आणि गाणं मागे. पुन्हा लावलं. आता गाणं पुढे, मी मागे. गाण्याचाच ताल चुकलेला आहे.

सूनबाई कधी आली कळलं नाही. दारात उभी. म्हणाली, आई, दुसऱ्या ओळीनंतर थोडं थांबायचं असतं. आमची आई थांबते तिथे.

मी म्हटलं, कोण वाजवतंय? डास मारतेय.

हल्ली डास फार झालेत.