नऊ-बेचाळीस कोणाकडे जाणार

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, व्यवसाय कृत्रिम दात तयार करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, कुणाचंही दडपण नसताना, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आधी तो बायकोकडे मागितला होता. ती म्हणाली, "मला खोट्या कागदावर सही करायला लावू नका."

लिहिण्याचं कारण असं की येत्या मंगळवारी माझ्या हृदयातली एक झडप काढून तिथे कृत्रिम झडप बसवणार आहेत. आयुष्यभर लोकांच्या तोंडात नकली वस्तू बसवताना "आठ दिवसांत सवय होईल, नंतर कळणारसुद्धा नाही" असं सांगत आलो. आता सर्जन तेच वाक्य मला ऐकवतात आणि मला त्यांचा भयंकर राग येतो.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. तसं एकही केलेलं नाही, पण वकील म्हणाले हे वाक्य लागतंच.

कलम एक. राहतं घर, त्यातल्या सामानासह, माझ्या बायकोला मिळावं. बैठकीच्या भिंतीतले ते दोन मोठे स्पीकर तिने खुशाल काढावेत. तिथे फुलदाण्या ठेवायचं तिच्या मनात चोवीस वर्षं आहे. भिंतीला पडलेली भोकं बुजवण्यासाठी प्लास्टर कारखान्यात आहे. ते दातांचं असल्यामुळे भिंतीपेक्षा जास्त टिकेल.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते बायको आणि मुलीने निम्मं निम्मं घ्यावं. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, मी मात्र दात करूनच भरलं. त्यामुळे रकमेबद्दल कुणी फार आशा ठेवू नये. मुलीला याशिवाय माझे मोठे हेडफोन. "बाबा, तुमच्या वयाची माणसं जुनी गाणी ऐकतात," असं ती मला नेहमी सुनावते. हे जुनंच आहे, बाळा. तुझ्याहून दोन वर्षांनी जुनं आहे आणि तुझ्यापेक्षा कमी वेळा उलट बोललं आहे.

कलम तीन. 'हे' म्हणजे काय ते आता लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

हा एक प्रोग्रेसिव्ह ट्रान्सचा, म्हणजे यंत्रांवर बनवलेल्या, हळूहळू चढत जाणाऱ्या नाचाच्या संगीताचा ट्रॅक आहे. लांबी नऊ मिनिटं बेचाळीस सेकंद, म्हणून आमच्याकडे त्याचं नावच नऊ-बेचाळीस. पहिली दोन मिनिटं नुसता ठेका चालतो. लग्नानंतर बायकोने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात मांडीवर ठेवून ती शांतपणे बसली होती. साडेतीन मिनिटांनी म्हणाली, "अहो, छान आहे. सुरू कधी होतं?"

सुरू कधी होतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एकेक सूर येतो, आधीच्याच्या शेजारी बसतो, आणि आपल्याला कळायच्या आत खोली भरलेली असते. मग पाच मिनिटं दहा सेकंदांवर ठेका अचानक जातो. एक लांब, जेमतेम ऐकू येणारा सूर उरतो आणि तितकाच हळू एका बाईचा आवाज, शब्दांशिवाय. तिथून ठेका परत यायला एक मिनिट पन्नास सेकंद लागतात. हा ट्रॅक मी किमान दहा हजार वेळा ऐकला आहे. ठेका परत येतो हे मला माझ्या चपलेइतकं माहीत आहे. तरी दर वेळी, अगदी दर वेळी, त्या एकशे दहा सेकंदांत मला वाटतं की आज काही तो येत नाही. आणि येतो. सव्वीस वर्षं मला त्याचा कंटाळा का आला नाही, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. माणसाने याहून मोठ्या गोष्टीवर जीव लावायला हवा होता, हे मान्य आहे.

मला तो माझ्या भागीदाराने ऐकवला. आम्ही दोघांनी मिळून दातांचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे एक खोली, दोन स्टुलं, एक बेसिन. एका दुपारी त्याने सीडी लावली. मी म्हणालो, "बंद कर, पाण्याचा पंप वाटतोय." तो म्हणाला, "पाच मिनिटं थांब. नाही आवडलं तर मी चहा करतो." सहाव्या मिनिटाला माझ्या हातातली, मेणासाठी तापवलेली सुरी गार झाली होती आणि समोर बसवलेली दातांची ओळ वाकडी झाली होती. चहा मीच केला.

कलम चार. माझ्या अंत्यविधीच्या वेळी हा ट्रॅक पूर्ण वाजवावा. मधल्या शांत भागात संपला असं समजून लोक उठतील. त्यांना बसवावं. कुणी नाचू नये. मी स्वतः या ट्रॅकवर आयुष्यात एकदाच, मुलीच्या कॉलेजच्या कार्यक्रमात, नाचलो. तेव्हा एका प्राध्यापकांनी धावत येऊन मला खुर्ची दिली आणि पाणी पाजलं.

कलम पाच. मेहुण्याला काहीही देऊ नये. दर दिवाणखान्यात, दर समारंभात त्याने "भावजी, गिरणी चालू राहिली वाटतं" हा एकच विनोद केला आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकण्याची मला आवड आहे, पण तिच्यात काहीतरी चढत जावं लागतं.

कलम सहा. कारखान्यातली हत्यारं, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, घासायचं मशीन, प्लास्टरमधले बुडबुडे काढायचं थरथरतं टेबल, सीडी प्लेअर आणि नऊ-बेचाळीसची मूळ सीडी, हे सगळं माझ्या जुन्या भागीदाराला मिळावं. सीडीच्या डबीवर त्याच्या अंगठ्याचा पांढरा ठसा आहे. तो पुसू नये.

हे त्याला का, ते लिहितो. हे कलम लिहायला मी तीन दिवस घेतले. मधे पेनला शाई भरून आणली, पेन बॉलपेन असताना.

दंतवैद्य आमच्याकडे रोग्याच्या तोंडाचा ठसा पाठवायचे. त्यात आम्ही प्लास्टर ओतायचो. ते घट्ट झालं की ठसा सोडवायचा, आत रोग्याचा हुबेहूब जबडा तयार. त्यावर दात बसवायचे. आमचं प्लास्टर दहा मिनिटांत घट्ट व्हायचं. हात बरबटलेले असताना घड्याळ कोण बघणार? म्हणून आमची पद्धत ठरली: प्लास्टर ओतलं की कोपराने प्लेअरचं बटण दाबायचं. गाणं संपलं की सोडवायचं. पंधरा वर्षं आम्ही असे जबडे केले. एकही बिघडला नाही.

त्या सीडीवर ट्रॅकची दोन रूपं आहेत. पहिलं रेडिओसाठी कापलेलं, साडेतीन मिनिटांचं, ज्यात तो मधला शांत भागच नाही. दुसरं पूर्ण. प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवायचा आणि पुढचा असला तर त्यावर जाऊन थांबायचा, म्हणून तो कायम दुसऱ्यावरच असायचा.

अकरा वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापिकाबाईंचा ठसा आला. मी प्लास्टर ओतलं, कोपराने बटण दाबलं आणि माल पोचवायला बाहेर गेलो. भागीदार घासायच्या मशीनवर होता. त्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याने मशीन बंद केलं तेव्हा खोलीत शांतता होती. गाणं संपलं, म्हणजे प्लास्टर झालं. त्याने सोडवलं. समोरच्या बाजूची कड किंचित दबली. ती त्याने अंदाजाने भरून घेतली.

बाईंनी ते दात निवृत्तीच्या समारंभात पहिल्यांदा घातले. भाषणाचा विषय होता 'सत्य, सेवा आणि सदाचार'. प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजली. मुलांना वाटलं बाई मुद्दाम करतायत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खेळाचे शिक्षक सवयीने सावधानमध्ये उभे राहिले. बाई भाषण अर्धवट सोडून खाली बसल्या.

दंतवैद्य कारखान्यात येऊन ओरडायला लागले. मी भागीदाराकडे बोट दाखवलं. "याने लवकर सोडवलं. याला दमच धरवत नाही."

तो म्हणाला, "गाणं संपलं होतं."

मी म्हणालो, दंतवैद्यांसमोर म्हणालो, "मग तुला गाणं ऐकायचं कळत नाही."

आमच्यात याहून मोठी शिवी नव्हती. त्याने हात धुतले, चष्मा उचलला आणि गेला. दोन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचा कारखाना काढला.

महिन्याभराने मी एका सकाळी चहाची किटली लावण्यासाठी प्लेअरची पिन काढली. चहा झाल्यावर पुन्हा लावली, प्लास्टर ओतलं, बटण दाबलं. साडेतीन मिनिटांत गाणं संपलं. पिन काढली की प्लेअर आपला दुसरा ट्रॅक विसरतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. बाईंच्या ठशाच्या दिवशीही सकाळी चहा असाच पिन काढून मीच केला होता. बटण मीच दाबलं होतं.

मी त्याला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत अकरा वर्षं गेली. लोकांची तोंडं दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःचं उघडता आलं नाही. मला लाज वाटत होती, आणि एका किटलीपायी माफी मागायची म्हणून जास्तच वाटत होती. तरी चूक माझी होती. त्याचा काहीही दोष नव्हता. हे मी गेल्यावर त्याला वाचून दाखवावं.

कलम सात. (हे नंतर जोडलं आहे.)

काल बायको चष्मा शोधायला टेबलापाशी आली आणि तिने कलम सहा वाचलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

"हे त्याला कधी कळणार?"

"मी गेल्यावर."

"आणि मग त्याने भांडायचं कुणाशी? तुमच्या फोटोशी?" तिने कागद माझ्या हातात दिला. "तुमची वस्तू त्याला द्यायला निघालात, आणि त्याची आहे ती माफी स्वतःकडेच ठेवून मरताय. चपला घाला."

मी चपला घातल्या. ही दोन गल्ल्यांची वाट मी अकरा वर्षं लांबून टाळत होतो. चालायला चार मिनिटं लागली, मधे दोनदा दम खायला थांबलो ते धरून.

तो प्लास्टर ओतत होता. मला बघून हात थांबला नाही. ठसा टेबलावर ठेवून त्याने फोनवर टायमर लावला. खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

मी विचारलं, "गाणं नाही लावत?"

"ऐकवत नाही मला ते. तू बोललास त्या दिवसापासून एकदाही लावलं नाही."

मी मनात तीन दिवस घोटलेली वाक्यं सगळी विसरलो. पिन, किटली, पहिला ट्रॅक, जसं आठवेल तसं सांगून टाकलं. मला कधी कळलं तेही सांगितलं. तो ऐकत राहिला.

"किटली," तो म्हणाला.

"किटली."

"मी मशीन बंद केलं तेव्हा शांतता होती. होती ना?"

"होती."

"अकरा वर्षं मला वाटत होतं माझाच कान गेलाय. तो मधला शांत भाग असणार आणि मला संपलं असं वाटलं असणार. ज्याला ते दोन वेगळे ओळखता येत नाहीत, त्याने गाणं ऐकावं कशाला?" त्याचा आवाज चढला. "आणि तुला महिन्याभरात कळलं होतं. ऊठ. जा इथून."

मी उठलो. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, पण मला झडपेचा रोग आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्याचं गाणं मी त्याच्याकडून काढून घेतलं आणि स्वतः मात्र रोज ऐकत राहिलो. याबद्दल मला वाईट वाटतं, एवढंच लिहू शकतो. कुठलंही कलम ते भरून काढत नाही.

आज सकाळी सह्यांसाठी वकिलांना कारखान्यात बोलावलं होतं. दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचा शिंपी आला. दुसरा म्हणून आम्ही मेहुण्याची वाट बघत होतो, काही मिळणार नसल्याने तो कायद्याने अगदी योग्य होता. दार लोटून भागीदार आत आला. म्हणाला, "काल अर्धवटच ऐकलं. काय लिहिलंयस बघू." स्टुलावर बसून त्याने पहिल्यापासून वाचलं. प्राध्यापकांनी खुर्ची दिली तिथे तो हसला, मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडला. वाचून झाल्यावर वकिलांकडे पेन मागितलं.

वकील म्हणाले, "तुम्ही साक्षीदार झालात तर तुम्हाला यातलं काही घेता येणार नाही. कायदाच तसा आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग द्या पेन."

वरील सर्व मजकूर माझा आहे. मी तो दोन साक्षीदारांसमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही करून पुरा केला.

ठिकाण: कारखाना, प्लास्टरचं टेबल
दिनांक: नऊ मार्च, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणारा: (सही) दातवाला

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा शिंपी. मजकूर वाचलेला नाही. गाणं भिंतीपलीकडून पाठ आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) जुना भागीदार. मजकूर वाचला. कलम सहामधलं मेलेल्या माणसाकडून मला काहीही नको. सीडी आजच घेऊन जातो आहे. बुधवारी दवाखान्यात परत आणीन, ती घ्यायला मालकाने जागं असावं.