पॉवर सप्लायची पाच दिवसांची परीक्षा

सोमवार, सकाळी ९
शनिवारी ताईच्या कॉम्प्युटरचा जुना पॉवर सप्लाय फट्‌कन उडाला. मी शेजारीच होतो. घाबरलो नाही. फक्त जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाहणी केली.
आज नवा आणला, दुकानातला सर्वांत स्वस्त. ताईला बजावलं, मी तपासून पास करेपर्यंत हात लावायचा नाही. तिला एका शाळेच्या इमारतीचा नकाशा शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचाय. नोकरी गेल्यावरचं पहिलं स्वतःचं काम. तोवर कागदावर काढेल. म्हणाली, बरं बाबा, पण बुधवारपर्यंतच.
इलेक्ट्रिकलचा कोर्स मी दुसऱ्या वर्षी सोडला. आई म्हणते, कोर्सने तुला सोडलं.
वहीत रकाने आखले: वजन, आवाज, उष्णता, वास, दोष.

सोमवार, दुपारी ४
वजन ८४० ग्रॅम. आईच्या काट्यावर पीठ सांडलेलं होतं, दहा वजा. लेबलवर '५०० वॅट', खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'क्षणभरासाठी'. शिवाय 'सेफ्टी'चं स्पेलिंग चुकलेलं. ज्यांना ती लिहिता येत नाही, ते पाळणार कशी?

मंगळवार, सकाळी ११
धाडस केलं. सप्लाय लाकडी स्टुलावर, पायात रबरी चपला, शेजारी वाळूची बादली. भिंतीवरचं बटण झाडूच्या दांड्याने दाबलं. तीन तास डोळ्यांत तेल घालून बसलो. आवाज शून्य. उष्णता शून्य. वास नाही. उत्कृष्ट माल!

मंगळवार, संध्याकाळ
रिपेअरवाल्या काकांना फोन करून निकाल कळवला. हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, अरे शहाण्या, कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय तो चालूच होत नाही. तीन तास तू पत्र्याचा डबा राखत बसलास.
म्हणजे निष्कर्ष बरोबरच आहे. बंद असताना तो सुरक्षित आहे.

बुधवार
आज जोडणार होतो. हवा दमट. ताई म्हणाली, हवा दमट नाही, तुझा दम गेलाय.

गुरुवार
जोडला. म्हणजे ताईने जोडला. मी दाराबाहेरून मार्गदर्शन केलं. चालू झाला. पंख्याची घरघर मला आवडली नाही. दर दहा मिनिटांनी मागच्या जाळीला हात लावतो. कोमट. ताई म्हणाली, त्याला ताप नाही आलेला, हात काढ.
उद्याचा निश्चय: दिवसभर मेन स्विचखाली उभं राहायचं.

शुक्रवार, ४.१०
ताईचा फक्त जिना काढून व्हायचाय. माझा हात मेन स्विचवर. छाती धडधडतेय, पण ती सावधगिरीने.

शुक्रवार, ४.२५
जळका वास! मेन स्विच खाली ओढला. अख्खं घर बंद. पळा, पळा म्हणून ओरडलो. घरातून सर्वांत आधी बाहेर पडलो तो मीच. प्रसंगावधान.

शुक्रवार, ४.३५
दूध. आई गॅसवर ठेवून विसरली होती.

शुक्रवार, ५.२०
स्विच वर केल्याबरोबर सप्लाय पहिल्या झटक्यात चालू झाला. पण ताईने दुपारी बारानंतरचं काही सेव्ह केलं नव्हतं. बारापर्यंतचं होतं तेच पाचला दोन मिनिटं असताना पाठवलं. दुमजली शाळा. जिना नाही.
आई म्हणाली, आता पोरं वरच्या वर्गात काय उडत जाणार? ताईने आत जाऊन दार लावून घेतलं. तेच जास्त भीतीदायक.
मी आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलोय. बंद दाराआडून पंख्याची घरघर येतेय, अगदी एकसारखी.
तपासणी पूर्ण. आवाज: ठीक. उष्णता: कोमट. वास: दुधाचा.
'दोष' हा रकाना तेवढा राहिलाय. त्यात काय लिहायचं ते ताईलाच विचारावं म्हणतो. दार उघडलं, की.