काळं की मरून

मंगळवार, संध्याकाळ

चाळीस वर्षं प्रबंध बांधतोय, हात आपोआप काळ्या कापडाकडे जातो. जुन्या विद्यापीठाचा रंग काळा. नव्या खाजगी विद्यापीठाला मरून लागतो, हे आज विसरलो. की मुद्दाम? दुकान हल्ली त्यांच्याच गिऱ्हाइकावर चालतं, तरी मला ते विद्यापीठ वाटत नाही, हे खरं.

मांजरी गावची एक मुलगी वडिलांना घेऊन तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या प्रती न्यायला आली आणि काळं कापड बघून पांढरीफटक पडली. "अहो काका, हे तिथे चालत नाही. उद्या सकाळी जमा करायचाय."

मी म्हणालो, "काळं असलं की निदान विद्यापीठाचं तरी वाटतं."

लागलं तिला. काय गरज होती?

वडील पहिलं पान उघडून बसले होते. विद्यापीठाच्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो गट नंबर आमचा हाय. हितं आमचा ऊस हुता. आता लेक डॉक्टर हुतीय." रागाने नाही, कौतुकाने.

दोघांना थांबवून सगळ्या प्रती मरून कापडात पुन्हा बांधल्या. घरी ठेवायच्या प्रतीवर, मुलीच्या नावाखाली, सोनेरी अक्षरांत तो गट नंबरही उठवला. कोणी सांगितलं नव्हतं. प्रत हातात घेताना वडिलांनी आधी त्याच्यावरून अंगठा फिरवला.