बाबांनी मोठा राजा माझ्याकडे सरकवला

ती. फुमिए ताई,

साष्टांग नमस्कार. साप्पोरोत गारठा सुरू झाला असेल. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी अजून घोरतात का? (घोरू देत. घरात माणूस आहे एवढं तरी कळतं.)

बाबांना उन्हाळ्यात मेंदूचा झटका आला ते फोनवर सांगितलंच होतं. आता बोलतात, हिंडतात, पण शोगीच्या, आपल्या जपानी बुद्धिबळाच्या, पटावर घोडा कधीकधी भलत्याच घरात ठेवतात. तुला ठाऊकच आहे, चाळीस वर्षं ते वरचे, म्हणजे सूट देणारे, आणि मी खालचा, सूट घेणारा. डाव मांडला की त्यांनी आपला हत्ती आणि उंट काढून डबीत टाकायचे, वरचा म्हणून पहिली चाल करायची आणि तरीही मला चिरडायचं. मोठा राजा त्यांचा, सोंगटीवरच्या अक्षरात एक टिंब जास्त असलेला माझा. (ते टिंब मला कायम माझ्याच नाकावरच्या चामखिळीसारखं वाटत आलंय.)

तर मी ठरवलं, आता आपण हरायचं. पण समोर हत्ती-उंट नसताना हरणं फार अवघड गं. माझा राजा वाळत घातलेल्या चादरीसारखा उघड्यावर ठेवला, तरी बाबांना दिसेना. शेवटी मी त्या घराकडे बघून खोकत राहिलो. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तामोत्सु, घशाला काय झालंय तुझ्या?"

माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर सरळ खेळलो आणि ओळीनं जिंकत गेलो. खालचा असा जिंकत राहिला की वरच्यानं सूट कमी करायची असते. आधी त्यांचा उंट पटावर राहू लागला, पुढच्या आठवड्यात हत्तीही. आणि मंगळवारी सकाळी त्यांनी मोठा राजा माझ्याकडे सरकवला, टिंबवाला स्वतः घेतला आणि खालच्यानं करावा तसा वाकून नमस्कार केला. "वरच्यानं आधी चालायचं असतं. बस."

चाळीस वर्षं वाट पाहिली होती ताई मी याची. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पण सूप उतू चाललंय म्हणून स्वयंपाकघरात पळालो (सूप नव्हतंच) आणि हातात कच्चा मुळा धरून रडत उभा राहिलो.

बाहेरून हाक आली, "हत्ती काढायचा विसरलास!"

येऊन काढला.

"उंट पण."

"बाबा, एवढं नको."

"कीव करू नकोस. मी काढायचो तेवढं काढ."

काढला. तो डाव बाबा जिंकले, अगदी खरेखुरे. दुपारी न्हाव्याकडे जाऊन सांगूनही आले.

तुझा,
तामोत्सु

ता. क. वाळवलेली पर्सिमनची फळं पाठवतोय. बाबांनी सोललीत, त्यामुळे निम्मी साल तशीच आहे. गोड मानून घे.

ता. क. २. पत्र खरं यासाठी. सतराव्या वर्षी तू क्लबात सगळ्यांदेखत त्यांना सूट न घेता, बरोबरीच्या डावात हरवलंस आणि त्यांनी "मुलीच्या जातीला पुरे झालं" म्हणून पट उचलला. त्यानंतर तू घर सोडलंस आणि परत आलीस ती फक्त आईच्या श्राद्धाला. काल सोंगट्या लावता लावता ते आपणहून म्हणाले, "फुमिए आली तर मी खालचा होऊन बसेन. तिला विचार, मला काय काढून देशील?" डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर वाचा जाईल. उत्तर पत्रानं पाठवू नकोस. त्यांना समोर बसून सांग.