टाका नसलेली हृदयं

४ मे, सोमवार

आठही जिवंत! सहा आठवडे झाले — आठच्या आठ! उंदराचं हृदय निकामी व्हावं म्हणून प्रत्येकाच्या रक्तवाहिनीला मी माझ्या हातांनी निळ्या दोऱ्याचा टाका घातला होता. गेल्या वर्षी असे सगळे उंदीर मेले. यंदा नवं औषध दिलं, तर एकही गेला नाही.

घरी येऊन आधी बाबांना सांगितलं. त्यांचंही हृदय पंचवीस टक्केच चालतं. डॉक्टर फेब्रुवारीपासून छातीत यंत्र बसवा म्हणून मागे लागलेत. बाबा म्हणाले, “मग आता चिरफाड कशाला? उंदरांच्या रांगेत माझा नंबर लाव.” हे औषध माणसाला मिळायला कितीतरी वर्षं जातील, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. किती खूश होते!

५ मे

बाबा हल्ली घरातही मोजे घालून बसतात. मे महिन्यात! विचारलं तर म्हणे, फरशी गार लागते.

७ मे, गुरुवार



आज उंदरांची हृदयं काढून तपासायची होती. पहिल्याच्या छातीवर व्रणच नाही. आत बघते तर टाकाही नाही! दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला नाही. आठांतल्या सहा हृदयांना कुणी हातच लावलेला नव्हता. ज्यांवरून उंदराचा नंबर कळतो ती कानांची भोकं मात्र बरोबर — नंबर माझ्याच उंदरांचे.

भोकं पाडतात दशरथकाका. पिंजरेही तेच सांभाळतात.

८ मे

काकांनी लगेच कबूल केलं. सकाळी कात्रजहून पहिल्या बसने येतात. पिंजऱ्यात मेलेला दिसला की निरोगी आणून ठेवायचा, कानाला तश्शीच भोकं पाडायची. का, पण का? मी ओरडलेच.

“मागल्या साली पायरीवर बसून रडत होता ताई तुम्ही. बघवलं न्हाई.”

तीन वर्षांचं काम गेलं आणि मला त्या माणसावर धड रागावताही येईना. माझ्या गाईड सरांना सांगून टाकलं. पण बाबा? धडधाकट उंदरांच्या भरवशावर ते यंत्र टाळत बसलेत!

९ मे

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय. बाबांना आत नेलंय.

सकाळी त्यांना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी मोजे काढले. पाय सुजून टम्म. मी बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला.

कधीपासून, विचारलं.

“मार्चपासून. तुझं इतकं छान चाललं होतं गं.”