उत्तमच्या नावाची वाटी

ठाणे, खाडीकाठ
माघ शुद्ध सप्तमी, शके १८१२

चिरंजीव उत्तम यास वडिलांचा आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी लिही. थंडीत शिडी चढताना कळ येते म्हणाला होतास, त्यावर काय लावतोस? खलाशांवरच्या तुमच्या सारंगांचा खोकला गेला का? रत्नागिरीकडचा तो स्वयंपाकी, ज्याला समुद्र लागायचा, तो टिकला की उतरला? बोटीवरच्या म्हाताऱ्या मांजराचीही विचारपूस मालनच्या वतीने करतो. आणखी कोणी तुझ्यापाशी असेल तर त्यांनाही बरं असो.

इकडे माझ्या डोळ्यांना पाणी येतं, बाकी हातपाय चालतात. मचवा विकल्यापासून खाडीवर बसून दुसऱ्यांच्या मचव्यांना नावं ठेवणं एवढाच धंदा उरला आहे. तुझी गोदूआत्या बाळकुमात ठणठणीत आहे; गुडघे दुखतात, जीभ दुखत नाही. मालन धावायला लागली. तू गेलास तेव्हा ती पोटात होती, आता उंबरा ओलांडते आणि मला 'आकोंग' म्हणते. तिच्या आईच्या, आबीच्या बोलीत आजोबाला तसं म्हणतात हे तुला ठाऊक आहेच. आत्याला ते आवडत नाही. तिचं म्हणणं, बेडकाला हाक मारल्यासारखं वाटतं. मला मात्र आता दुसऱ्या कशाने हाक मारली तर ओ द्यायचं सुचायचं नाही.

आबी बरी आहे. बाजारापुरतं मराठी झकास बोलते. आम्हा मोठ्यांचं आपसातलं बोलणं अजून तिला नीट लागत नसावं, असं धरून मी चालतो. सकाळी दारात जो दिसेल त्याला विचारते, "जेवलात?" त्यांच्या तामसुई बंदरात ही रामराम करायची रीत. टपालवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "अजून नाही, बाई." त्याला वाटलं, पान वाढणार. तिला वाटलं, हा खरंच उपाशी. वाढलं. आता तो पत्र असो नसो, आपल्याकडे येतो. नसतंच बहुधा.

आता मुख्य हकिकत. वाचून घाबरू नको, कोणी गेलेलं नाही.

पौषातल्या अमावास्येला तिच्या बेटावर वर्ष संपतं. तुमचे गोरे त्या बेटाला फार्मोसा म्हणतात, ती ताइवान म्हणते, मी तिचंच धरतो. मागच्या खेपेला ती बाळंतीण होती, म्हणून राहिलं. यंदा सगळं रीतसर करायचं तिने ठरवलं. घर झाडलं, दाराला लाल कागद लावला. इथला तांदूळ हवा तसा चिकटत नाही म्हणून रुसली, मग गूळ घालून जमेल तसा उकडला. मोहरीची भाजी न चिरता अख्खी शिजवली. जेवढं पान लांब तेवढं आयुष्य लांब, असं मानतात म्हणे. अख्खा मासा केला आणि तो संपवायचा नाही असं बजावलं, पुढच्या वर्षाला उरला पाहिजे. मी म्हटलं, "सूनबाई, आपल्या बोक्याला हे कोण सांगणार?"

"त्याला मी सांगितलं," म्हणाली.

मग तीन पाट मांडले. एक माझा, एक तिचा, आणि मधला तुझा. तुझ्या पाटावर तुझी जुनी बंडी घडी घालून ठेवली. पुढ्यात तिने माहेरून आणलेली निळ्या फुलांची वाटी, भाताने भरलेली, वर त्यांच्या त्या जेवायच्या काड्या आडव्या. भातात उभ्या खोचायच्या नाहीत, तसं मेलेल्यांना करतात. घरचं माणूस या रात्री लांब असलं तर त्याची वाटी मांडायची, म्हणजे त्याची जागा राखलेली राहते. तिने समजावून सांगितलं, मला पटलं. भिंतीशी तिच्या वाडवडिलांसाठी उदबत्ती लावलेली होती.

तेवढ्यात, दिवेलागणीला, तुझी आत्या वालाच्या शेंगांची टोपली घेऊन आली.

तिने उंबऱ्यातून काय पाहिलं ते तिच्या डोळ्यांनी बघ. अमावास्या. रिकामा पाट, त्यावर तुझी बंडी, पुढे वाढलेला भात, उदबत्तीचा वास, आणि आम्ही दोघं गप्प बसलेलो. त्यात दोन दिवसांमागे कोलशेतचा आनंद, तुझ्याबरोबर बोटीवर असणारा, मला भेटून गेला हे तिच्या कानावर आलेलं. तिने टोपली टाकली, मटकन खाली बसली आणि तुझं नाव घेऊन जो हंबरडा फोडला तो पलीकडच्या काठाला ऐकू गेला असेल.

"दादा, मला कळवायचं तरी होतंत."

मी तोंड उघडेपर्यंत अर्धी आळी ओटीवर. शेजारच्या विमलाबाईंनी कसलीही चौकशी न करता आबीचं मनगट धरलं, पाटाच्या कडेवर आपटलं, आणि एका हातातल्या बांगड्या फोडल्या. दुसऱ्या हाताशी गेल्या तेव्हा मी ओरडलो, "अहो बाई, तो जिवंत आहे."

सगळं थांबलं. आत्याने पदर तोंडावरून काढला.

"मग हे पान कोणाचं?"

"त्याचंच."

"जिवंत माणसाचं पान असं मांडतात होय?"

आबी काचा गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "जिवंत माणसालाच भूक लागते, आत्याबाई."

"आणि बंडी कशाला?"

"थंडी आहे."

विमलाबाई लाजेने भिंतीला टेकल्या. आबीने काचा लाल कागदात बांधल्या. वर्षाच्या सणाला काही फुटलं तर त्यांच्यात तसं करतात आणि वर काहीतरी शुभ बोलतात. ती बोलली, आम्हाला कळलं नाही. मग तिने विमलाबाईंना विचारलं, "जेवलात?" त्या बसल्या आणि जेवल्या. मासा मात्र कोणी संपवला नाही.

आत्या मुक्कामाला राहिली. सकाळी सवयीने केरसुणी घेतली तर आबीने ती हातातून काढून घेतली. वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडायचं नाही, घरातलं चांगलं बाहेर जातं. आत्या म्हणाली, "आमच्यात दिवेलागणीपुरतं असतं, तुमच्यात दिवसभर? सोय चांगली आहे." केर तसाच राहिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आबी मालनला नवं झबलं घालून पायरीवर बसली होती, खाडीकडे तोंड करून. आत्याने विचारलं, "अशी का बसलीस गं?"

"आज माहेरी जातात."

आत्याने शेंगांची रिकामी टोपली काखेला मारली. "ऊठ. बाळकुमला चल."

दोघी पोरीला घेऊन गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा आबीच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, माहेरच्या म्हणून भरलेल्या, आणि ओटीत नारळ होता.

आनंदने तू बरा असल्याचं सांगितलं. आणखीही थोडं बोलला. ते असो. हे पत्र त्याच्याच हाती देतो, म्हणजे चुकायचं नाही. तुझ्या वाटीतला भात आम्ही दुसऱ्या दिवशी परतून खाल्ला. उत्तर पाठव.

सहदेव


ठाणे
कार्तिक शुद्ध त्रयोदशी, शके १८१३

चिरंजीव उत्तम यास आशीर्वाद.

तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा कसा आहे? राहतोस त्या खोलीत वारा येतो का? आणि त्या खोलीत जी आहे, तिची प्रकृती कशी आहे? तिचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून नाव घालून विचारता येत नाही.

आनंद पुन्हा येऊन गेला. माघातलं पत्र त्याने तुझ्या हातात दिलं, तू ते वाचलंस आणि खिशात ठेवलंस, एवढं त्याने सांगितलं. तेव्हा टपालाला बोल लावता येत नाही.

काल इथे तुळशीचं लग्न झालं. मालनला अंतरपाट धरायचा होता, तो तिने स्वतःच्याच डोक्यावर घेतला. ती आता दोन भाषा बोलते आणि दोन्हींत ऐकत नाही. आत्याचे गुडघे जास्त दुखतात, माझा एक डोळा जवळजवळ गेला. ओळी वाकड्या आल्या तर समजून घे. विमलाबाई आबीकडून भरतकामाचे टाके शिकतात. भाद्रपदातल्या पुनवेला आबीने त्यांच्या रीतीप्रमाणे अंगणात चटई टाकून सगळ्यांना चंद्र बघायला बसवलं. विमलाबाई म्हणाल्या, "अगं, कोजागिरीला अजून महिना आहे." आबी म्हणाली, "चंद्र आज आहे." सगळ्या बसल्या. महिन्याने आटीव दूध प्यायला पुन्हा बसल्या.

पण तुला लिहायचं ते श्रावणातलं आहे.

नारळी पौर्णिमेला आम्ही खाडीवर नारळ सोडून परत आलो तर आबीने दाराबाहेर चौरंग मांडलेला. भात, केळी, गूळ, उदबत्त्या. त्या महिन्यात त्यांच्याकडे मेलेले फिरायला निघतात. ज्यांना घर नाही, कोणी पाणी द्यायला नाही, त्यांना दाराबाहेर वाढायचं, आत घ्यायचं नाही. म्हणाली, "खलाशी पुष्कळ बुडतात. त्यांचं कोण करणार?" मी इतकी वर्षं समुद्रावर काढली, नारळ वाहिले ते स्वतःच्या गलबतापुरते. मीही चौरंगावर एक केळं ठेवलं.

आत्याला धीर धरवेना. तिने विचारलं, "यात आमच्या उत्तमचं नाही ना काही?"

"नाही. तो आहे. असलेल्याचं आत, नसलेल्याचं बाहेर."

आत्या आत गेली. आबी उदबत्त्यांची राख सारखी करत राहिली. मग मला म्हणाली, "मामंजी, आनंदभावजी पौषात आले होते तेव्हा मी चुलीपाशी होते."

तेव्हा आनंद काय बोलला होता ते तुला सांगायला नको, तरी लिहून टाकतो. "काका, उत्तमदादा बोट सोडून हाँगकाँगला गोदीत लागलाय. खोली केलीय. खोलीत एकटा नाही." तो बेताच्या आवाजात बोलला होता. मी त्याला आणखी हळू बोल असंही म्हटलं नव्हतं. तिला कळायचं नाही, या भरवशावर होतो. माघातल्या पत्रात तुला बोटीवरचंच विचारलं, तेही ठाऊक नसल्यासारखं.

"किती कळलं होतं, पोरी?"

"सगळं."

"आणि तरी दोन दिवसांनी त्याची वाटी मांडलीस?"

"तेव्हा वाटलं, उशीर करतोय. उशीर करणाऱ्याची मांडतात."

विमलाबाई तिच्या बांगड्या फोडत होत्या आणि ती काचा वेचत होती, तेव्हाही तिला ठाऊक होतं. मी हे बरेच दिवस मनात घोळवत होतो. तुला सांगितल्याशिवाय ते खाली बसेना.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तुम्ही सांगा. मेला त्याचं बाहेर. लांब आहे त्याचं आत. जो आहे आणि येत नाही, त्याची वाटी कुठे मांडतात तुमच्यात?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. आपल्याकडे पितरांचं पान आहे, गाईचं आहे, कावळ्याचं आहे, अवचित आलेल्या पाहुण्याचं आहे. तुझ्यासारख्याचं नाही. भटजींना विचारलं नाही. त्यांनी काहीतरी खर्चाचं काढलं असतं. आबीला म्हटलं, आमच्यातही नाही. ती म्हणाली, "आमच्यातही नाही." दोघांचं तेवढ्यापुरतं जुळलं.

मग एकदा मीच तिला विचारलं, तामसुईला परत जायचं आहे का, बोटीची व्यवस्था मी बघतो. ती म्हणाली, "तिथे वर्षाच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी जाईन. तिसऱ्या दिवशी परत कुठे येऊ?"

तेव्हा ती इथेच आहे. तिचा पाट तिचा, मालनचा मालनचा, आणि त्याला तुझ्या येण्या-न येण्याचा संबंध नाही, हे तू समजून अस. भाऊबंद काय म्हणतात ते मी ऐकतो आणि खाडीवर जाऊन बसतो. आत्याने तर परस्पर जाहीर केलं आहे की तू आला नाहीस तर अमावास्येला तुझ्या पाटावर ती बसणार. "पण त्याची बंडी मी घालायची नाही," एवढी तिची अट आहे. आबी त्यावर हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून लिहितो.

तू कोणाबरोबर राहतोस याचा जाब मी मागत नाही. त्या बाईलाही कोणी बाप असेल, तोही कुठेतरी बसून असंच काही लिहीत असेल. मला एवढंच हवं की पौषातल्या अमावास्येला तुझी वाटी मांडायची की नाही, ते तू सांग. येणार असलास तर तसं लिही. येणार नसलास तर तेही स्वतःच्या हाताने लिही, आनंदच्या तोंडी नको. काहीच लिहिलं नाहीस तर काय होईल ते मला दिसतं आहे. ती मांडेल. उशीर करतोय म्हणेल आणि मांडेल, आणि पुढच्या वर्षीही. गप्प राहून तू तिला त्या पाटापुढे बसवून ठेवतो आहेस.

वाटी फळीवर आहे. परवा मालनने ती खाली ओढली, फुटली नाही.

पत्र मिटण्याआधी आबीला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, विचार केला आणि म्हणाली, "विचारा, जेवलास का. पुढे काही नको."

तर विचारतो. जेवलास का? अमावास्येच्या आत इथे पोचेल अशा बेताने उत्तर धाड.

तुझा बाप,
सहदेव